बस्त्याचा मुक्काम

पुण्यात बस्ता बांधायला जायचं ठरलं की पहिला वाद साडीवरून होत नाही, मुक्कामावरून होतो. अक्काच्या लेकीचं लग्न ठरलं, मानपानाच्या याद्या झाल्या, आणि लातुरात बसल्या बसल्या मी सहज बोलून गेले की या वेळी लक्ष्मी रोडच्या आसपास एखादं लॉज बघू या. आमचा दादा वाकडला राहतो. दाजींनी लगेच त्याला फोन लावला, तोही स्पीकरवर. दादा आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "मामाचं घर असताना भाचीचा बस्ता लॉजवरून? लोकांचं सोड गं, मला काय वाटेल ते तरी बघ." मागून वहिनीचा आवाज आला, "गाद्या उन्हात घातल्यात म्हणावं त्यांना."

गाद्या उन्हात घातल्यात म्हटल्यावर पुढे बोलायला काही उरत नाही. आमच्याकडे गावात पाव्हणे असताना लॉजवर उतरणं म्हणजे घरात भांडण झाल्याची दवंडी. लॉजवर उतरायचं ते कोर्टाच्या तारखेला, नाहीतर दवाखान्याच्या कामाला, आणि तेही त्या गावात कुणी ओळखीचं नसेल तरच. लग्नाच्या खरेदीला तर नाहीच नाही.

पण ही रीत पडली तेव्हाचा हिशेब वेगळा होता. आमच्या आईच्या वेळचा बस्ता सोलापूरला नाहीतर हैदराबादला व्हायचा. सोलापुरात पाव्हण्यांचं घर नव्या पेठेच्या मागेच. सकाळी जेवून निघायचं, दुपारी बायका घरी येऊन पाठ टेकायच्या, चहा घेऊन परत दुकानात. दुकानही पाव्हण्यांच्याच ओळखीचं, भावही त्यांच्याच शब्दावर. मुक्काम आणि बाजार एकाच गल्लीत होते, म्हणून पाव्हण्यांकडे उतरण्यात मान होता तशी सोयही होती. पुढे पाव्हण्यांची मुलं शिकली, नोकरीला लागली, पेठेतली घरं विकली गेली किंवा वाटण्यांत अडकली, आणि पोरांनी लांब कुठेतरी लिफ्टवाले फ्लॅट घेतले. बाजार मात्र होता तिथेच राहिला. पुण्यातही हेच झालंय. ज्यांच्याकडे उतरायचं ते वाकडला, वाघोलीला, धायरीला. ज्याच्यासाठी जायचं ते अजून लक्ष्मी रोडच्या कुंटे चौकात. मान जुना आहे, सोय गेली आहे, आणि हे कुणी उघड बोलत नाही.

वाकडहून लक्ष्मी रोड पंधरा-सोळा किलोमीटर. आकडा ऐकायला काहीच नाही. पण बस्त्याचं माणूस एकटं नसतं. आई, अक्का, दाजी, नवरी, मी, आणि "मी पण येते, मला कुठे काम आहे" म्हणणारी एक चुलती. सगळ्यांच्या आंघोळी, वहिनीचा आग्रहाचा नाश्ता (तो नाकारला तर वेगळा अपमान), मग गाड्या, मग औंधचा नाहीतर बाणेरचा सिग्नल, मग पेठेत गाडी कुठे लावायची हा प्रश्न. पेठांतल्या बऱ्याच गल्ल्यांत सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाड्या. लातूरच्या माणसाला तारीख विचारून गाडी लावायची सवय नाही. शेवटी मंडईच्या वाहनतळावर गाडी टाकायची आणि तिथून चालायचं. पहिल्या दुकानाची पायरी चढेपर्यंत साडेबारा. आईचे गुडघे त्याआधीच बोलायला लागलेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की दमलेलं माणूस साडी निवडत नाही, ते फक्त खरेदी संपवतं. तिसऱ्या दुकानात, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, अक्कासारखी चिकित्सक बाईसुद्धा म्हणते, "बास, हीच घ्या, चांगलीच आहे." ती साडी चांगली असतेच. पण ती तिला आवडलेली नसते, तिला घरी जायचं असतं. लग्नाच्या अल्बममध्ये अशा साड्या ओळखू येतात. ज्या बाईच्या अंगावर ती असते ती फोटोत साडी सारखी करत असते.

हे आपल्यापेक्षा दुकानदाराला जास्त कळतं. लक्ष्मी रोडच्या कुठल्याही जुन्या साडीच्या दुकानात वर चढा. चपला खाली काढायच्या, पांढऱ्या चादरीच्या गादीवर बसायचं, पाणी येतं, मग माणूस हात चोळत विचारतो, "कुठून आलात ताई?" आपल्याला वाटतं अगत्य आहे. अगत्यही असतं. पण त्या प्रश्नाच्या उत्तरावर तो ठरवतो की कुठल्या कप्प्यापासून सुरुवात करायची. "लातूरहून, रात्रीच्या गाडीने परत जायचंय" म्हटलं की त्याच्या लक्षात येतं, हे गिऱ्हाईक आज इथेच, नाहीतर शेजारच्या दुकानात, पण घेऊनच जाणार. मग आधी मधल्या भावाचा ढीग पडतो, चांगला माल तुम्ही दमल्यावर निघतो, आणि तोवर तुमची नजर मेलेली असते. या वेळी आईने उत्तर दिलं, "इथंच उतरलोय, मागच्या गल्लीत. आज नुसतं बघायला आलोय." त्या माणसाने हातातली साडी घडी न मोडता परत ठेवली आणि वरच्या फळीकडे बघून पोराला हाक मारली.

अर्थात तिथवर पोचायला दादाची समजूत काढावी लागली. ती मी काढली नाही, आईने काढली. ती म्हणाली, "मला दुपारी आडवं व्हावं लागतं. तू मला दुपारी वाकडला आणून परत नेणार का?" आईच्या गुडघ्यांपुढे मामाचा मान थोडा मागे सरला. रुसवा गेला नाही, पण मोडता घालायचं थांबलं.

मग खोली शोधणं. हे काम माझ्याकडे आलं, कारण घरात मोबाइलवर बोटं चालवणारी मीच, असा सगळ्यांचा समज आहे. मोबाइलवर पुण्यातलं जवळजवळ प्रत्येक हॉटेल शहराच्या मध्यभागी असतं आणि प्रत्येक हॉटेलपासून खरेदी चालत पाच मिनिटांवर असते. ते खोटं बोलतात असं नाही. विमाननगरच्या हॉटेलापासून मॉल खरोखरच चालत जाण्याजोगा आहे. पण मॉलमध्ये आहेराच्या चाळीस साड्या, टॉवेल-टोपी, मुंडावळ्या, रुखवताच्या परड्या आणि हळदी-कुंकवाचे करंडे मिळत नाहीत. स्टेशनजवळची हॉटेलं गाडीतून उतरायला बरी, पण तिथून बाजार परत रिक्षाचाच. मला सापडलेला सोपा उपाय पिनकोडचा. हॉटेलचं नाव, फोटो, तारे सगळं बाजूला ठेवून पत्त्याच्या शेवटी बघायचं. ४११०३० म्हणजे सदाशिव, नारायण, शनिवार पेठांकडचा भाग. ४११००२ म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार पेठ. ४११००४ म्हणजे नदीपलीकडचं डेक्कन. ४११००१ आलं की ते स्टेशन आणि कॅम्पाकडचं. जाहिरातीत काहीही लिहिता येतं, पिनकोड पोस्टाने दिलेला असतो.

डेक्कन की पेठ, हा पुढचा प्रश्न. डेक्कनला हॉटेलं मोठी, लिफ्ट, स्वच्छ बाथरूम, जंगली महाराज रस्त्याला चालायला रुंद फुटपाथ. लकडी पूल ओलांडला की अलका चौक, आणि तिथून लक्ष्मी रोड सुरू. कुंटे चौकापर्यंत सव्वा-दीड किलोमीटर. मोकळ्या हाताने, सकाळी, पंचविशीच्या माणसाला हे अंतर चालण्याजोगं आहे. दुपारी दोन वाजता, दोन्ही हातांत पिशव्या आणि सोबत सत्तरीची आई असेल तर नाही. नकाशातली रेघ गुडघे धरत नाही. ती गर्दीही धरत नाही. लक्ष्मी रोडचा फुटपाथ कागदावर आहे, पण त्यावर पिना, रुमाल, मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यांनी पथारी टाकलेली असते, खालच्या पायरीवर दुकानाचा पुतळा शेरवानी घालून उभा असतो, आणि उरलेल्या जागेत स्कूटर लावलेली. माणूस रस्त्यावरून चालतो. रस्ता एकेरी आहे म्हणून एकाच बाजूला बघून उतरावं, तर उलट्या बाजूने पुणेकर येतोच. महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ ला या रस्त्यावर पादचारी दिन केला होता, गाड्या बंद, माणसं मोकळी. रस्त्याची खरी रुंदी लोकांना त्या दिवशी दिसली असेल. एरवीच्या दिवशी मी चालण्याचं अंतर पिशवीसकट मोजते, आणि त्या हिशेबाने आठ-नऊ मिनिटांच्या पलीकडचं सगळं लांबच.

म्हणून पेठ. पेठेत मोठी हॉटेलं कमी, लॉजं जास्त, आणि जी आहेत त्यांतली काही आपल्या वडिलांच्या वयाची. लक्ष्मी रोडवरचं पूना गेस्ट हाउस तर १९३५ सालचं. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी ते काढलं आणि नाटक-सिनेमातल्या माणसांचा तो अड्डाच झाला. तेव्हा पुण्यात प्रयोगाला आलेल्या नटाला काय हवं असायचं? थिएटरजवळ खोली, वेळेवर जेवण, आणि उशिरा आलं तरी दार उघडणारं कुणीतरी. बस्त्याला आलेल्या बाईलाही तेच हवं असतं, फक्त थिएटरच्या जागी तुळशीबाग.

बुधवार पेठेचं एक सांगितलं पाहिजे, कारण नाव काढताच दाजींच्या भुवया वर गेल्या होत्या. त्या पेठेत दगडूशेठचा गणपती आहे, अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं आहेत, पासोड्या विठोबाजवळचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे, आणि वेश्यावस्तीही आहे. सगळं एकाच पेठेत, काही गल्ल्यांच्या अंतरात. दिवसा हजारो घरंदाज बायका तिथून ये-जा करतात आणि कुणाला काही होत नाही. तरी रात्री दहाला जेवून परतताना गल्लीच्या कुठल्या तोंडाने यायचं, एवढं बघून खोली घ्यावी. लॉजचा दरवाजा मोठ्या रस्त्यावर आहे की आतल्या बोळात, हे फोनवर सरळ विचारता येतं आणि चांगला मॅनेजर सरळ सांगतो. आम्ही शेवटी बाजीराव रस्त्याच्या अलीकडे, सदाशिव पेठेच्या अंगाला खोल्या घेतल्या. एवढं अंतर दाजींना पुरलं.

खोली कशी होती? खोलीसारखी. हिरवट भिंत, दोन लोखंडी कॉट जोडून केलेला डबलबेड, मधे फट, त्या फटीत रात्री आईचा चष्मा गेला. पंखा तीनवर फिरायचा, नाहीतर नाही. खिडकी मात्र मोठी, आणि पूर्वेला. ती खिडकी मला पंचतारांकित हॉटेलच्या एसीपेक्षा कामाची वाटली, का ते पुढे सांगते. खोलीवरच्या कराचा एक दिलासा: २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आलाय. आमच्या खोलीचं भाडं त्या साडेसात हजारांच्या आसपासही फिरकत नव्हतं, पण दाजींनी बिलावरचा टक्का तपासून घेतला.

लॉज निवडताना लोक भाडं विचारतात, एसी विचारतात. मी आधी चेक-आउटचं विचारते. लातूरहून रात्रीची ट्रॅव्हल्स पहाटे साडेपाचला पुण्यात टाकते. बारा ते बाराच्या हिशेबाचं हॉटेल असेल तर त्या वेळी तुम्ही त्यांच्या लेखी कुणीच नसता. सहा-सात तास लॉबीत बसा, नाहीतर आदल्या दिवसाचं भाडं भरा. जुन्या लॉजांत अजून चोवीस तासांची पद्धत आहे. तुम्ही ज्या वेळी आलात तिथून चोवीस तास. पहाटे आलात, गरम पाण्याने आंघोळ केली, तासभर पडलात आणि दुकानं उघडायला ताजेतवाने बाहेर. बाहेरगावच्या माणसासाठी कुणीतरी डोकं चालवून केलेली ही पद्धत आहे. मोठी साखळी-हॉटेलं ती पाळत नाहीत, आणि छोट्या लॉजांचे नवे मालकही आता बाराचाच फलक लावू लागलेत.

आता दुपार. पुण्याच्या दुकानांची एक ते चार ही झोप हा महाराष्ट्राचा आवडता विनोद. चितळ्यांनी २०१७ मध्ये दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तर त्याची बातमी झाली होती. लक्ष्मी रोडची मोठी दुकानं आता दिवसभर चालू असतात, आतल्या बोळांत अजून शटर अर्धं खाली येतं. बाहेरगावच्या माणसाला या झोपेचा राग येतो, कारण त्याला तेवढा वेळ काढायला जागा नसते. तो मंडईच्या कट्ट्यावर बसतो, घाम पुसतो आणि पुणेकरांना शिव्या देतो. खोली जवळ असली की हा राग पार जातो. दुकानदार झोपायला गेला की आपणही झोपायला जायचं. साडेचारला दोघेही ताजे.

दुपारच्या त्या तीन तासांत बस्त्याचं खरं काम होतं, हे मला त्या खोलीत कळलं. सकाळी आणलेल्या साड्या अक्काने पलंगावर पसरल्या. आहेराच्या एकीकडे, मानाच्या एकीकडे. दाजींनी वही उघडली आणि एकेक नाव वाचायला घेतलं. मोठ्या आत्याबाई, धाकट्या आत्याबाई, परभणीची मावशी, व्याह्यांची विधवा बहीण. प्रत्येक नावावर एक साडी उचलली जायची, अंगावर धरली जायची, आणि आई म्हणायची "हां" किंवा "अंहं." व्याह्यांच्या बहिणीसाठी अक्काने फिकट राखाडी काढली होती. आईने ती बाजूला केली. "तिनं काय आयुष्यभर राखाडीच नेसायची?" आणि ढिगातली मोरपंखी तिच्या नावावर टाकली. मग मोरपंखी ज्यांच्यासाठी होती त्यांना काय, असं करत अर्धी यादी परत हलली. शेवटी दोन साड्या कमी पडतायत आणि एकाच काठाच्या तीन एकाच घरात चालल्यात, हे लक्षात आलं. हे दुकानाच्या गादीवर कधीच लक्षात येत नाही. तिथे पोरगा साड्या उलगडत असतो, मागे दुसरं गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, आणि व्याह्यांच्या घरातलं कोण विधवा, कुणाला कुठला रंग चालतो, हे सगळं परक्या माणसासमोर बोलायचं नसतं. वाकडला रात्री नऊला हे कळलं असतं, तर "जाऊ दे, चालतंय" म्हटलं असतं. इथे चप्पल घातली आणि बदलून आलो. दुकानदाराने बिलामागे "घेतलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलं होतं, पण सकाळचंच गिऱ्हाईक दुपारी हसत हसत परत आलं तर तो छापलेलं वाचून दाखवत नाही.

आणि ती पूर्वेची खिडकी. नवरीचा शालू आदल्या संध्याकाळी पसंत पडला होता, दुकानात तो डाळिंबी दिसत होता. थोडे पैसे देऊन तो बाजूला ठेवायला सांगितला होता. त्याच्याच रंगाचा ब्लाउजपीस आम्ही मॅचिंगच्या दुकानातून, शालूशी ताडून, बरोबर आणला होता. सकाळी नवरीने तो खिडकीत उन्हात धरला. डाळिंबी कुठला, चक्क विटकरी. अक्काचं तोंड पडलं. दुकान उघडताच आम्ही पायरीवर. शालू दारात आणून उजेडात बघितला. तोही विटकरीच. त्या माणसाने काही न बोलता दुसरे दोन काढून सरळ दारातच आणले, आणि त्यातला एक उन्हातही डाळिंबी निघाला. साडीच्या दुकानातले दिवे कुणी मुद्दाम फसवायला लावत नाही, पण ते रंगाला चढवतात, आणि लग्न बहुतेक वेळा दिवसाच लागतं.

बाजाराचा क्रमही खोलीमुळे बदलतो. खोली लांब असली की जड वस्तू शेवटी घ्यायच्या, म्हणजे भांडी शेवटी, म्हणजे भांडी घाईत. आम्ही तुळशीबाग मुद्दाम सकाळी केली. पेशवाईत नारो अप्पाजी खिऱ्यांनी बांधलेलं राममंदिर मधे आणि भोवती देवाची उपकरणी, समया, बाळकृष्ण, पितळी भातुकली. गर्दी व्हायच्या आत पोचलं की दुकानदार समईची वात बसते का तेसुद्धा दाखवतो. श्रीकृष्ण भुवनची मिसळ खाल्ली, समया खोलीवर टाकल्या, मोकळ्या हातांनी रविवार पेठेत. बोहरी आळीत हारडे, डबे, पत्रावळ्या आणि केटरिंगच्या सामानाचे भाव ऐकून दाजी इतके खूश झाले की नको असलेल्या वस्तूही घेऊ लागले. मंडईत आईला फुलं बघायची होती. १८८६ साली उघडलेली ती दगडी मंडई, मधला अष्टकोनी मनोरा, खाली भाजीवाल्यांची गादीवरची बैठक. आईने काही घेतलं नाही. भाव विचारले, लातूरच्या भावाशी ताडले आणि समाधानाने परत आली. तिलाही असं रिकामं फिरायला मिळालं, कारण खोली जवळ होती. वाकडच्या गाडीत बसायची घाई असलेल्या बाईला मंडईचे भाव विचारत फिरता येत नाही.

दादाचं काय झालं? तो संध्याकाळी आला. पिंपरीला गाडी लावून मेट्रोने थेट मंडई. सप्टेंबर २०२४ पासून ही भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत जाते, कसबा पेठ आणि मंडई अशी दोन स्टेशनं पेठांच्या पोटातच आहेत. वहिनी डबा घेऊन आली होती, भाकरी, वांगं, ठेचा, आणि वरून दह्याचा सट. लॉजच्या पलंगावर वर्तमानपत्र टाकून आम्ही सगळे जेवलो. दादा सुरुवातीला खुर्चीवर, पाव्हण्यासारखा, पाठ ताठ. मग आईने शालू दाखवला, मग तो खाली बसला, मग त्याने मामाच्या आहेराचा विषय स्वतः काढला आणि दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून आमच्याबरोबर सराफाकडे आला. वहिनीने निघताना खोलीकडे एक नजर टाकली आणि म्हणाली, "गाद्या आमच्या बऱ्या होत्या." ते खरंच होतं.

आणि एक खरं सांगते, वाकडला उतरलो असतो तर रात्री बाराला गॅलरीत बसून दादाशी ज्या गप्पा झाल्या असत्या त्या लॉजवर झाल्या नाहीत. तिथे साडेनऊला दादा घड्याळ बघायला लागला, शेवटची मेट्रो चुकू नये म्हणून. जवळच्या खोलीने साड्या चांगल्या दिल्या, भावाचा वेळ घेतला. अक्काला हा सौदा पटला नाही, मला पटला. आम्हा दोघींत यावर अजून वाद आहे.

गणपतीत मात्र या भागात खरेदीला खोली घेऊ नये. लक्ष्मी रोड विसर्जन मिरवणुकीचा मुख्य रस्ता, आणि ती मिरवणूक हल्ली तीस-तीस तास चालते. ती बघायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग खिडकी रस्त्यावरची मागा आणि झोपेची आशा सोडा. दिवाळीच्या आधीच्या रविवारीही बस्ता नको. बाकी गावांना हा हिशेब आपापल्या रीतीने लागू आहे. कोल्हापुरात अंबाबाईच्या देवळाभोवती यात्रेकरूंच्या खोल्या आणि लगेच महाद्वार रोड, गुजरी. तिथे देव आणि दागिने एकाच फेरीत. हैदराबादला चारमिनारच्या लाड बाजारात बांगड्या आणि पथ्थरगट्टीत कापड, पण उतरायचं नामपल्ली किंवा आबिड्सला, म्हणजे रिक्षा आलीच. तिथे मी दुपारी परत यायचा नाद सोडते आणि सरळ बिर्याणीच्या हॉटेलात पाठ टेकते.

आता दीराच्या मुलाचा बस्ता आहे आणि खोली बघायचं काम न सांगता माझ्याकडे आलंय. मी परवाच एका लॉजवर फोन लावला. खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे? नसेल तर पायऱ्या उंच आहेत की बेताच्या? संडास कमोडचा की साधा? गरम पाणी किती ते किती? चेक-आउट चोवीस तासांचं की बाराचं? खोली सोडल्यावर गाठोडी संध्याकाळपर्यंत काउंटरपाशी ठेवू द्याल? खिडकी कुठल्या दिशेला? पलीकडचा माणूस प्रत्येकाचं उत्तर देत गेला. खिडकीपाशी थांबला.

"बाई," तो म्हणाला, "खोली भाड्यानं घेताय की विकत?"

पूर्वेला आहे, हे त्याने त्यानंतर सांगितलं.